सोयराक्काच्या अर्ध्या वाती

परातीत अवऱ्याचे, म्हणजे इकडच्या वालाचे दाणे आहेत, अर्धे सोललेले आणि अर्धे अजून सालात. रात्रभर भिजलेले, चिमटीत धरले की टुपकन उडी मारून बाहेर येणारे. हे काम मला आवडतं. हात चालू राहतो आणि तोंडात नाम राहतं. पण आज सोयराक्कानं आतून हाक मारली, मी उठून गेले, आणि परत आले तेव्हा हात त्या परातीत जाईनात. म्हणून वही घेतली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की चार ओळी लिहायच्या, हा माझा लग्नापासूनचा नेम. तिथी, नैवेद्य, कोण आलं, कोण गेलं. आज दिवा लावायला अजून वेळ आहे आणि चार ओळींत भागणारही नाही.

परवा अमावास्या. परवापासून सोयराक्का वाट पाहणारी आई राहणार नाही. त्याच्या आधी तिच्याबद्दल लिहून ठेवते.

सोयराक्का माझी थोरली नणंद. यांना कडेवर घेऊन तिनं शाळेत पोचवलं, इतकी थोरली. सासरचं घराणं बंगळूरचं जुनं मराठी. किती जुनं असं कोणी विचारलं, की मामंजी शहाजीराजांपासून सुरुवात करायचे आणि वाढलेली पानं गार व्हायची. आम्ही घरात मराठीच बोलतो, पण तिला कन्नडची फोडणी असते. ताई म्हणजे अक्का, दादा म्हणजे अण्णा, थोडं म्हणजे स्वल्प, बरं म्हणजे सरी. अशा घरातली, चिकपेटच्या गल्लीत वाढलेली मुलगी दिली कुठे, तर कारवारला.

स्थळ अप्पासाहेबांनी आणलं होतं, मामंजींच्या चुलतभावानं. म्हणाले, "मुलगा तांडेल आहे. सरकारी तर चालवतो." मामंजींनी त्यातला 'सरकारी' एवढाच शब्द ऐकला आणि सुपारी फुटली. तर म्हणजे काय, ते अक्काला कारवारला उतरल्यावर कळलं. काळी नदी तिथं समुद्राला मिळते. अलीकडे कारवार, बाजार, बंदर, कचेऱ्या. पलीकडे सदाशिवगड, तिथून थोडं पुढं गेलं की गोव्याची हद्द. पूल तेव्हा पुरा झालेला नव्हता. माणसं, सायकली, कोंबड्या, मासळीच्या टोपल्या, सगळं लाँचमधून या काठावरून त्या काठावर जायचं. ती लाँच म्हणजे तर. आणि नवऱ्याचं घर पलीकडे.

बंगळूरच्या मुलीला पाणी म्हणजे नळाचं, तेही एक दिवसाआड. समोर हे एवढं रुंद पाणी, धक्क्यावरून लाँचमध्ये टाकलेली एक हलती फळी, आणि अंगावर शालू. अक्का पाय उचलेना.

"मी बसनं येते," ती म्हणाली.

नवरदेव दत्ताभाऊजी मिरवायला म्हणून मित्राच्या हातातून सुकाणू घेऊन उभे होते. तिथून ओरडले, "बस पोहून येणार काय गो?"

सगळा धक्का हसला. अक्काच्या सासूबाई मात्र परत फळीवरून खाली आल्या, तिचा हात धरला आणि म्हणाल्या, "नदीकडे बघू नको. माझ्या पाठीकडे बघ आणि चाल." ही गोष्ट अक्कानं मला किती वेळा सांगितली असेल. प्रत्येक वेळी सासूच्या पाठीवरच्या लुगड्याचा रंग निराळा असायचा, पण "बस पोहून येणार काय गो" तेवढं तसंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताभाऊजी कामावर गेले. अक्का पाट्यावर नारळाचं वाटण वाटत होती. नवी नवरी, चांगलं बारीक वाटून दाखवावं म्हणून जोर लावून बसलेली. सासूबाईंनी येऊन तिचा हात वरवंट्यावरून उचलला.

"राहू दे. तो पाण्यावर गेला ना? अर्धं ठेव."

अक्काला वाटलं, आपलं काही चुकलं. मग कळलं, तिथली रीतच तशी. घरातला माणूस पाण्यावर गेला, की बाईच्या हातात त्या वेळी जे काम असेल ते तिनं अर्धं ठेवायचं. अंगण झाडत असेल तर अर्धं झाडून केरसुणी टेकवायची. रांगोळी असेल तर एक बाजू कोरी. घरात काही राहिलेलं असलं की पाण्यावरच्या माणसाला घराकडची ओढ राहते, असं त्या बायका मानायच्या. माणूस परत आला की उंबऱ्यावरून ओरडायचा, "आलो गो, पुरं कर!" मग ती काम पुरं करायची. तोवर नाही. वाटण आंबलं, तर नवरा उशिरा आला म्हणायचं, बाईला बोल नाही.

"म्हणजे सगळ्या वाडीत दिवसभर अर्धी कामं?" मी एकदा विचारलं.

"तर काय! सकाळी आमच्या वाडीतून फिरलीस तर तुला वाटलं असतं, बायका आळशी आहेत सगळ्या. आणि संध्याकाळी तर धक्क्याला लागली की घराघरांतून वरवंटे सुरू. तुझ्या पूजेच्या घंटेपेक्षा मोठा आवाज."

दत्ताभाऊजी थट्टा करायचे. निघताना स्वयंपाकघरात डोकावून विचारायचे, "आज काय अर्धं राहणार आहे? मासा असला तर तेवढा पुरा कर बाई, मांजर काही तुझी रीत पाळत नाही." पण एखाद्या दिवशी अक्का नुसती बसलेली दिसली, हातात काहीच काम नाही, तर तेच चौकटीशी अडायचे. ती मुद्दाम उठून चार तांदूळ निवडायला घ्यायची, मग त्यांची चप्पल हलायची.

अशी ती तिथली झाली. कोंकणी शिकली, भरती-ओहोटी शिकली. घरात कोंकणी, देवापुढे मराठी आरती, कचेरीत कन्नड, आणि पैपाहुणे निम्मे गोव्याकडचे. तिच्या वाडीतल्या एका घरी सासू या राज्यातली, सून त्या राज्यातली, आणि दोघींची भांडणं तिसऱ्याच भाषेत, असं ती सांगायची आणि त्या भांडणाची नक्कल करायची. बंगळूरला माहेरी आली की दोन दिवस बरी असायची. तिसऱ्या दिवशी म्हणायची, "तुमच्याकडे वारा कुठून येतो तेच कळत नाही गो, संयोगिता." पाण्याला भ्यालेली मुलगी ती. पण तिला इथं झोप लागेना, कारण रात्री पाणी वाजत नाही.

मग पूल पुरा झाला आणि तर बंद पडली. दत्ताभाऊजींनी कारवारच्या बाजारात दोरखंड आणि जाळ्यांचं दुकान घातलं. येणं-जाणं पुलावरून. अक्का सांगायची, "पूल सुरू झाला त्या दिवशी मी सगळं अंगण एका दमात सारवलं. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. सासूबाई बघत होत्या." पुढं सुशांत झाला. एकुलता एक. पुलानंतर जन्मलेलं पोर, म्हणून त्याला पाण्याचं काही नाही, असं ती धरून चालली होती.

पण नदीकाठचं पोर. बापाच्या दुकानात दोर मापायला बसायचं ते डोळे नदीवर. डिझेल इंजिनाचं काम शिकला आणि बंदरातल्या बोटींची इंजिनं दुरुस्त करू लागला. इथं आमच्याकडे आला की आमची स्मृती त्याच्या पाठीवर बसायची. तिला तो उचलून वर धरायचा तेव्हा तिचं डोकं पंख्याला लागेल म्हणून मी ओरडायची. फार उंच. दारातून येताना मान झुकवून यायचा. आमच्या दाराची चौकट काही तेवढी खाली नव्हती, पण त्याला घरच्या चौकटीची सवय.

त्याच्या लग्नाचं जमेना. पोरी म्हणायच्या, बोटींवरचा नको. तेव्हा अक्कानं देवीला सहस्रवातींचा नवस केला. हजार वाती स्वतःच्या हातानं वळायच्या आणि एकदम देवीपुढे लावायच्या. कापूस आणला, सरकी काढली, पत्र्याचा एक बिस्किटांचा डबा धुऊन पुसून घेतला. सुशांत म्हणाला, "आई, हजार वातींना एक मुलगी येत असेल तर दोन हजार वळ. निवड करायला मिळेल."

"एक तरी टिकव आधी," ती म्हणाली.

ती वाती वळत बसली होती तेव्हाच त्याला बंदरातून फोन आला. एका बोटीचं इंजिन मधेच बंद पडत होतं. दुरुस्त करून, बोट नदीच्या तोंडाबाहेर नेऊन एक फेरी मारून बघायची होती. "जेवायला येतो," म्हणाला. त्यानं चप्पल घातली. अक्काच्या बोटांत एक वात होती, तिनं ती तशीच डब्यात ठेवली, झाकण लावलं. पूल झाल्यापासून तिनं ती रीत सोडलेली, पण त्या दिवशी हातांनी आपणहून पाळली.

बोट दुसऱ्या दिवशी सापडली, उलटी. तिच्यावरचे दोघे सापडले, त्यांच्या घरच्यांनी त्यांना नेलं. सुशांत सापडला नाही. दत्ताभाऊजी ओळखीच्या बोटी घेऊन गोव्याच्या हद्दीपर्यंत आणि खाली अंकोल्यापर्यंत काठानं हिंडले. अक्का कुठेच गेली नाही. दारात बसून राहिली. अंगण अर्धं झाडायची आणि बसायची.

दत्ताभाऊजींनी पुढच्या वर्षांत दोनदा विषय काढला, त्याचं काहीतरी करायला हवं म्हणून. दोन्ही वेळा ती उठून परसात गेली. तिसऱ्यांदा त्यांनी काढला नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले. अग्नी द्यायला आमच्याकडचे हे गेले, आणि तेराव्यानंतर अक्काला इकडे घेऊन आले. निघताना तिनं घराला कुलूप लावू दिलं नाही. नुसती कडी.

"अगं अक्का, घर उघडं टाकून?" हे म्हणाले.

"त्याच्याकडे किल्ली नाही, गुरु."

शेजारच्या मंडळींना सांगून हे तिला घेऊन आले. हातात एक पिशवी, काखेत तो डबा, भोवती दोरी बांधलेला. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, "देवीचा सहस्रवातींचा नवस राहिलाय त्यात." पुढं काही बोलली नाही, मीही विचारलं नाही. त्या फोनच्या वेळी हातात वातीच होत्या, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. वर लिहिलं ते फोनच्या वेळचं सगळं मला गेल्या आठवड्यात कळलं.

इथं के. आर. पुरमला तिसऱ्या मजल्यावर तिला काय करमणार. पहिल्या आठवड्यात हे तिला फिरायला घेऊन गेले, तारांवर टांगलेला मोठा पूल दाखवायला. तिनं वाकून खाली पाहिलं. रेल्वेचे रूळ.

"गुरु, पाणी कुठंय?"

"पाणी नाही अक्का. खालून गाड्या जातात."

"अय्यो, मग एवढा पूल कशाला?" आणि जी हसत सुटली, ती घरी येईपर्यंत. आल्यानंतर पहिल्यांदा हसली म्हणून आम्हीही हसलो. तेव्हापासून पाण्याचा टँकर आला की स्मृती तिला हाक मारायची, "आत्या, तुमची नदी आली बघा!" आणि आत्या गॅलरीतून खाली बघून म्हणायची, "आज ओहोटी दिसते. अर्धाच आहे."

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात कारवारचा तो जुना पूल पडला. सकाळी टीव्हीवर दाखवत होते, नदीत पडलेले तुकडे, शेजारी नवा पूल उभा. मी बंद करायला गेले तर तिनं हात धरला. मग म्हणाली, "तर बंद झाली तेव्हा सगळे म्हणाले, आता पूल आहे. आता काय म्हणतील?" आणि थोड्या वेळानं अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बोटीवरून तो घराची खूण पुलावरून धरायचा गो. पुलापासून चौथं घर. आता त्याला कसं सापडेल?"

मी देवघरात जाऊन बसले. मला दुसरं काही येत नाही.

या महिन्यात त्याला जाऊन एक तप झालं. बेपत्ता माणसाची एक तप वाट बघायची आणि मग विधी करायचा, असं शास्त्र. देह नसला तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा देह करतात आणि त्याला अग्नी देतात. आमच्या गुरुजींनी यांना सगळं समजावून सांगितलं. तिथी माहीत नाही तेव्हा अमावास्या धरायची. श्रीरंगपट्टणाला, कावेरीवर. यांच्या मनानं घेतलं. दर पितृपक्षात पाणी देताना दत्ताभाऊजींचं नाव घ्यायचं आणि सुशांतच्या नावाशी येऊन थांबायचं. हयात म्हणावं तर हयात नाही, पितर म्हणावं तर म्हणता येत नाही. पाण्यात गेलेल्या पोराला ओंजळभर पाणी मिळत नाही, हे माझ्याही जिवाला लागून होतं. खोटं का लिहू.

यांनी दिवाळीनंतर अक्काजवळ विषय काढला. ती म्हणाली, "माझ्यामागे कर काय करायचं ते."

"अक्का, तुझ्यामागे मी तरी असेन का? मामा म्हणून मला करू दे."

"तो वाटेवर आहे, गुरु." एवढं बोलून ती उठली. परस नाही इथं, म्हणून गॅलरीत गेली.

आता स्मृतीचं लिहायला हवं. पोरीचा काही दोष नाही. दसऱ्याची झाडलोट चालली होती. अक्काच्या खोलीतला तो डबा पुसताना स्मृतीनं विचारलं, "आई, यात काय आहे?" मी सांगितलं, आत्याच्या नवसाच्या वाती आहेत, राहिल्यात. आणि बोलता बोलता म्हणाले, "नवस असा अर्धा ठेवू नये. देव ताटकळत राहतो." आमच्या घरची शिकवण ती. संकल्प सोडला की तो पुरा करायचा, आजारी असलं तरी, सुतक असलं तर सुतक फिटल्यावर. लहानपणापासून पोरीनं तेच पाहिलं, तेच ऐकलं.

स्मृतीचं ऑफिस मारतहळ्ळीला. आठवड्यातून तीन दिवस घरूनच काम करते. मीटिंग चालू असली की कॅमेरा बंद करून ऐकत बसते. तेव्हापासून त्या मीटिंगांत ती वाती वळायला लागली. कुठल्याशा व्हिडिओवर बघून शिकली. मला एकदा दिसलं, तर तोंडावर बोट ठेवून म्हणाली, "आत्याला सांगू नको. सरप्राइज आहे. नाहीतरी हात रिकामेच असतात गं." मला इतकं भरून आलं. आजकालची मुलगी, आत्याच्या नवसासाठी वाती वळते आहे. मी देवापुढे साखर ठेवली.

मार्गशीर्षातल्या गेल्या गुरुवारी, महालक्ष्मीची पूजा मांडून झाल्यावर, तिनं डबा आणून अक्काच्या मांडीवर ठेवला. दोरी तिनं आधीच सोडली होती. झाकण काढलं. काठोकाठ वाती.

"आत्या, हजार पूर्ण झाल्या!"

अक्कानं डब्याकडे पाहिलंच नाही. तिनं झटकन मान वळवून दाराकडे पाहिलं.

"आला?" ती म्हणाली.

दारात कोणी नव्हतं. आम्हाला काही कळलं नाही. स्मृती म्हणाली, "कोण आत्या? कोणी नाही. मी केल्या या. सगळ्या मी केल्या." अक्का दाराकडे बघत राहिली, मग डब्याकडे, मग पुन्हा दाराकडे. तेवढ्यात मला त्या वाडीतल्या बायका आठवल्या, अर्धी अंगणं, अर्धी वाटणं. कळलं.

त्या दिवशी तिनं आम्हाला फोनपासूनचं सगळं सांगितलं. रडली नाही. स्मृती रडून रडून सुजली. "आत्या, मला माहीत नव्हतं, मला खरंच माहीत नव्हतं." अक्कानं तिच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझं नाही गो काही. तू आमच्या पाण्याची नाहीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर अक्का गॅलरीच्या उजेडात बसलेली. डबा पुढ्यात, शेजारी एक ताट. ती वाती वेगळ्या करत होती. स्मृतीनं जुन्या-नव्या सगळ्या एकत्र मिसळल्या होत्या, पण जुना कापूस पिवळा पडलेला, ओळखू येत होता. आपल्या वाती तिला परत हव्या होत्या. त्या वेगळ्या झाल्या की काम पुन्हा अर्धं होईल, असं काहीतरी तिच्या मनात असावं. मी मदतीला बसू का विचारलं, तर मान हलवली. दोन दिवस ती तेच करत होती. जेवायला उठायची, पुन्हा बसायची. आम्ही घरात दबक्या पायांनी वावरत होतो. हे ऑफिसातून आले की नुसते तिच्याजवळ जाऊन बसायचे.

त्या दुसऱ्या संध्याकाळी तिनं मला हाक मारली. डब्यातल्या सगळ्या वाती ताटात काढून झाल्या होत्या, पांढऱ्या, ढीगभर. आणि तिच्या तळहातावर पिवळ्या, मूठभर. मूठ पण भरत नव्हती.

"एवढ्याच होत्या?" मी विचारलं आणि जीभ चावली.

"मी अर्धा डबा समजत होते गो," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी म्हणत होते, अर्ध्या झाल्यात. अर्ध्या कुठल्या? सुरुवातच होती." तिनं मूठ मिटली. "एवढ्याशा वातींनी मी त्याला ओढून धरलं, संयोगिता. एक तप. तिकडचा नाही, इकडचा नाही. पाण्यात उभा ठेवला पोराला."

मग ती रडली. बारा वर्षांचं. मी तिला धरून बसले, आणि खाली रस्त्यावर टँकर येऊन उभा राहिला, त्याचा पाइप सोडल्याचा आवाज येत राहिला.

हे घरी आले तेव्हा तिनंच त्यांना बोलावून सांगितलं, "गुरु, अमावास्येला कर. मी येणार कावेरीवर. लांब बसेन, पण येणार." यांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"नदी चांगली आहे ना गो ती?" तिनं मला विचारलं.

"चांगली आहे अक्का. पवित्र आहे."

"त्याला ओळखीची नाही. पण नदी आहे, चालेल."

हे सगळं परवापर्यंतचं. आज मी अवरे सोलत बसले होते आणि तिनं हाक मारली. खाटेवर बसली होती. रुमालाच्या टोकात त्या पिवळ्या वाती गाठ मारून बांधलेल्या.

"या त्याच्याबरोबर जाऊ देत," म्हणाली. "स्मृतीच्या वाती तुझ्या देवघरात लाव. चांगल्या वळल्यात पोरीनं. माझ्याहून सारख्या."

मी रुमाल घेतला.

"पानं तू आणणार ना?"

"हो अक्का. सिटी मार्केटात मिळतात."

"मोठी बघून आण. देठ लांब असू देत. गुरुजी आपले मापानं करतील, सगळ्यांची करतात तशी." तिनं हात वर केला, बसल्या बसल्या, डोक्याच्या बराच वर, आणि तसाच धरून ठेवला. "तो उंच होता. त्याला आखूड करू नका."

मी हो म्हणाले. वळले तर मागून तिनं विचारलं, "काय करत होतीस?"

"अवरे सोलत होते. अर्धे झालेत."

तिनं वर धरलेला हात खाली घेतला. मग म्हणाली, "सोलून टाक सगळे. अर्धे ठेवू नको. आपलं कोणी पाण्यावर नाही आता."

परात समोर आहे. आता वही मिटून उरलेले दाणे सोलायला हवेत, रात्री भातावरच्या सारूला लागतील. स्मृती येईल, तिला आवडतं.

उद्या सकाळी लवकर सिटी मार्केटला जायचं आहे, पळसाची पानं आणायला. मुत्तुगाची पानं म्हणून मागायची. मोठी, लांब देठांची.